समुद्राचं पाणी द्रावण आहे की मिश्रण? सातवीतल्या मुलीला कसं समजवू?

दोन्ही. द्रावण हे मिश्रणच असतं, फक्त त्यात विरघळलेलं वेगळं दिसत नाही, कितीही वेळ ठेवलं तरी तळाशी बसत नाही आणि फडक्यातून गाळून निघत नाही. सोलकढी ठेवून दिली की वर नारळाचा थर येतो, म्हणून ती द्रावण नाही. तुमच्या मुलीला एवढं सोलकढीवरूनच कळेल.

पण प्रश्न समुद्राच्या पाण्याचा आहे म्हणून लिहितोय. आमचं गाव शिरोडा, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच, आणि आजोबांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. सातवीच्या पेपरात प्रश्न आला, समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसं मिळवतात. मी लिहिलं की पाणी उन्हात आटवतात पण सगळं आटवत नाहीत, मीठ धरलं की शेवटचं कडू पाणी सोडून देतात. सरांनी लाल पेनने काट मारली, "पाणी पूर्ण आटवतात" असं वर लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. मी घरी येऊन रडलो. आजोबा एवढंच म्हणाले, "सगळा पाणी आटवलंस तर मीठ कडू होतला."

आणि बरोबर आजोबाच होते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं आपलं खायचं मीठ साधारण २७ ग्रॅम, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेचे क्षार. ते सगळे एकदम बाहेर पडत नाहीत. पाणी आटत गेलं की आधी चुना आणि जिप्सम तळाशी बसतं, मग पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं की द्रावण मिठाने संपृक्त होतं, म्हणजे आता आणखी मीठ त्यात मावत नाही, आणि मग वाफ्यात पांढरे दाणे धरायला लागतात, आधी पाण्यावर पातळ साय आल्यासारखं दिसतं, फळीने ओढलं की खाली खडे सापडतात. मॅग्नेशियमचे क्षार तेव्हाही विरघळलेलेच असतात, तेच ते कडू पाणी. ज्याने मिठागर कधी बघितलं नाही त्याने त्यावर काट मारू नये, हे माझं मत आजही तेच आहे.

तर मुलीला पुस्तकातल्या व्याख्या पाठ करायला लावू नका. एक लिटर समुद्राचं पाणी आणा, पसरट काचेच्या भांड्यात उन्हात ठेवा. दाणे दिसले आणि तळाला थोडंसंच पाणी उरलं की ते दुसऱ्या बशीत ओतून घ्या. मीठ सुकेल, पण बशीतलं काही केल्या कोरडं होणार नाही, चिकट ओलंच राहील, कारण मॅग्नेशियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटतं तेही याच्यामुळेच. पेपरात तिने असं लिहिलं आणि कोणी मार्क कापले तर ती बशी घेऊन शाळेत जा, माझ्या वेळी कोणी गेलं नाही.

एक राहिलंच, खाडीचं पाणी घेऊ नका, त्यात गाळ असतो म्हणजे ते निलंबनही झालं, न विरघळलेले कण तरंगत राहतात असं मिश्रण, आणि मुलगी गोंधळेल. समुद्राचं आणलंत तरी रात्रभर निवळू द्या, मग फडक्यातून गाळा. आणि बशीतलं चाखायला देऊ नका, जुलाब होतात.