डीलर टूर, बँकॉक-पटाया आणि न पिता राहणं: डेटा किती आणि फोन कुणी करायचा

भावा, तुझं सगळं वाचलं. तासगावात खत-औषधाचं दुकान, कंपनीची स्कीम लागली म्हणून डीलर लोकांबरोबर पाच दिवस बँकॉक-पटाया, दारू सोडून सात महिने झालेत, आणि एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) रोजची ऑनलाइन मीटिंग चुकू नये म्हणून किती जीबीचा पॅक मारू असं विचारतोयस. जावं का न जावं ते तुझ्या स्पॉन्सरबरोबर (एएमधला तुला सांभाळून घेणारा जुना मेंबर) बसून ठरव, मी त्यात पडत नाही. पण असल्या टूरला न पिता जाऊन आलोय म्हणून सांगतो, जीबीचं लई टेन्शन घेऊ नको, खरी गोची वेळेची आहे.

आधी जीबीचं मिटवू. झूम मीटिंग व्हिडिओसकट बघितलीस तर तासाला अर्धा-एक जीबी सहज जातो, पण नुसता आवाज ठेवलास तर तीस-पस्तीस एमबीत काम होतं. फक्त एक बघ, आपला कॅमेरा बंद केला म्हणजे झालं असं नसतं, बाकीच्यांचा व्हिडिओ येतच राहतो, तो मोअरमध्ये जाऊन स्टॉप इनकमिंग व्हिडिओ करून बंद करायचा. म्हणजे पाच दिवस रोज तासभर बसलास तरी दोनशे एमबीच्या आत. डेटा खाणार तो टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप, प्रत्येकाच्या ग्लासचे फोटो आणि व्हिडिओ! ऑटो डाउनलोड बंद कर, ग्रुप म्यूट कर, डेटा पण वाचतो आणि डोकं पण.

पॅक कुठला ते तुझ्या फोनवर आहे. डायलरमध्ये *#०६# दाब, त्यात ईआयडी (ई-सिमचा नंबर) दिसला तर ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये टाकायचं सिम, चालतं. ते घ्यायचं असेल तर घरच्या वायफायवर इथंच टाकून घे, कारण टाकायलाच नेट लागतं, तिकडं विमानतळावर उतरून बसशील डोकं धरून. ई-सिम नाही चालत तर बँकॉकच्या विमानतळावरच काउंटर आहेत, पासपोर्ट दाखवला की सिम मिळतं. आपलं इथलं सिम मात्र फोनमधून काढू नको, त्याला रोमिंग चालू करून घे आणि त्याचा डेटा रोमिंग बंद ठेव, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येणार आणि व्हॉट्सॲप पण त्याच नंबरवर चालू राहू दे. टूर मॅनेजरच्या हॉटस्पॉटवर नाहीतर हॉटेलच्या वायफायवर भागवायचा विचार असेल तर सोडून दे. मॅनेजर कुठं बसलेला असणार? जिथं बाटली आहे तिथंच.

आता वेळेचं. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढं. तुमची रात्री आठची मीटिंग तिथं साडेनऊला लागणार, आणि गाला डिनर तिथल्या सात-साडेसातला चालू होतं, म्हणजे मीटिंग सुरू व्हायच्या आत दोन तास तू त्या गोल टेबलावर बसलेला असणार. आणि तिथं काय होतं ते तुला माहीत आहे, स्टार्टर येतात, कबाब येतात, मग झोनचा साहेब स्वतः बाटली घेऊन टेबलापाशी येतो, खांद्यावर हात ठेवतो, "अण्णा, आज तरी कंपनीचा मान राखा." सगळं टेबल तुझ्याकडं बघतंय. त्या टायमाला फोनमध्ये शंभर जीबी असले तरी तू स्वतःहून कुणाला फोन लावणार नाहीस, मी सांगतो ना, त्या वेळी बोटं चालत नाहीत.

म्हणून फोन तू करायचाच नाही, तुला यायला पाहिजे. जायच्या आधी स्पॉन्सरशी पक्कं कर, रोज आपल्याकडच्या साडेपाच वाजता, म्हणजे तिकडं सात, त्यानं व्हॉट्सॲप कॉल करायचा. साडेपाचला त्याचं काम चालू असेल तर दुसऱ्या मित्राला सांग, लाजू नको. दुसरा कॉल सात वाजता, तिकडं साडेआठ, ऐन डिनरमध्ये. "घरचा फोन आहे" म्हणून उठायचं, बाहेर जायचं, दहा मिनिटं बोलायचं. लांबड लावायची गरज नाही, जेवलास का, टेबलावर कोण कोण आहे, एवढं पुरतं. आणि परत आल्यावर टेबलावर ठेवून गेलेला ग्लास उचलायचा नाही, सोडा-लिंबू असला तरी. नवीन मागवायचा, आपल्यासमोर ओतून घ्यायचा. मस्करीत कोण काय मिसळेल सांगता येत नाही, आपली माणसं लई हौशी.

रूम दोघांत असते, पार्टनर कोण येईल ते आपल्या हातात नाही. त्यामुळं इअरफोन घे, आणि मीटिंगला लॉबीत बस, स्विमिंग पूलला नको, तिथं बहुतेक बार असतो. सकाळची एखादी मीटिंग मिळत असेल तर जास्त बरं, सगळे झोपलेले असतात. रूमच्या फ्रीजमध्ये बाटल्या असल्या तर चेक-इनलाच रिसेप्शनला सांगून काढायला लाव. पार्टनरला सांगायचं, पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरनं बंद केलंय. खरं सांगायचं का नाही ते तुझं तू बघ.

नेट गेलं तर? विमानात जाणारच, चार-साडेचार तास. तेवढ्यासाठी दोन-चार शेअरिंगच्या (मीटिंगमध्ये सांगितलेल्या अनुभवांच्या) रेकॉर्डिंग, तीही सांगणाऱ्याची परवानगी असलेल्याच, आणि आपली एएची पुस्तकं फोनमध्ये आधीच उतरवून ठेव. टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर इथं चांगला आहे, पण असले छोटे नंबर परदेशातून लागतील या भरवशावर राहू नको, म्हणून स्पॉन्सरचा, बायकोचा आणि डॉक्टरांचा नंबर पुढं +९१ लावून सेव्ह कर आणि एका कागदावर लिहून पाकिटात ठेव. नुसत्या डेटाच्या ई-सिमवरून साधा कॉल बहुतेक लागत नाही, म्हणून तिघांनाही व्हॉट्सॲपवरून एकदा लावून बघ. पॉवर बँक हँडबॅगेत घे, चेक-इन बॅगेत चालत नाही.

आणि पटायात, बँकॉकमध्ये एएच्या समोरासमोरच्या मीटिंगा होतात, इंग्लिशमधून. इंग्लिश कच्चं असलं तरी जा, मागं बसायचं, नाव विचारलं तर पहिलं नाव सांगायचं, बास. पत्ता आणि वेळ इथूनच शोधून ठेव, हॉटेलपासूनचा मॅप ऑफलाइन डाउनलोड कर. दुपारी सगळे मार्केटला सुटतात तेव्हा जाऊन येता येतं, कुणी विचारत पण नाही.

फोनचं मॉडेल इथं टाक, ई-सिम चालतंय का बघून सांगतो.