फिजिओथेरपी शिकून रिसर्चमध्ये जाणं म्हणजे पदवी वाया घालवणं का?

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाडांच्या आजारांवरचे उपचार आणि जुनाट दुखणी या विषयात क्लिनिकल रिसर्च करायचं म्हणते. इतकी वर्षं शिकून पेशंटला हात न लावता फॉर्म भरत बसायचं का? तिने प्रॅक्टिस करावी, असं आम्हाला वाटतं. – एक वडील

उत्तर : नमस्कार. फॉर्म भरावे लागतात, सुरुवातीला तर ढिगाने. पण त्या फॉर्मांत काय असतं ते आधी सांगते.

रक्तातली साखर यंत्र मोजतं. दुखणं मोजणारं यंत्र नाही. पेशंट सांगेल तेच माप. शून्य ते दहामधला आकडा, किंवा वोमॅक, ऑक्सफर्ड नी (म्हणजे गुडघा) स्कोअर यांसारख्या प्रश्नावल्या : जिना उतरताना किती त्रास होतो, रात्री झोपमोड होते का. एक्स-रेवरून अंदाज बांधावा तर तोही फसतो. एखाद्याचा गुडघा झिजलेला दिसतो आणि तो आरामात चालत असतो, तर कुणाचा एक्स-रे बरा असूनही पायरी चढवत नाही. त्यात विचारणाऱ्याचा सूर ‘आता बरं आहे ना?’ असा लागला, की पेशंट संकोचाने हो म्हणतो आणि आकडा बिघडतो. हे भान पेशंट हाताळलेल्या माणसाला लवकर येतं. तुमच्या मुलीचं शिक्षण इथे वाया जात नाही, उलट इथेच उपयोगी पडतं.

अशा आकड्यांनी काय होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण ह्यूस्टनचं. 2002 मध्ये तिथल्या सर्जननी गुडघ्याच्या झिजेच्या 180 पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली, तर काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन टाके घातले. आपल्याला काय केलंय, हे पेशंटना माहीत नव्हतं. (तसं होऊ शकतं याला त्यांनी आधी लेखी संमती दिली होती.) दोन वर्षं पाठपुरावा झाला, पण खऱ्या शस्त्रक्रियेने दुखणं जास्त कमी झालं असं काही दिसलं नाही. फिनलंडमध्ये 146 पेशंटांवर फाटलेल्या मेनिस्कससाठी, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीसाठी, असाच अभ्यास झाला, त्याचा 2013 मधला निष्कर्षही याच वळणाचा. मग शस्त्रक्रियेने बरं वाटलं असं का भासतं? एक कारण म्हणजे लोक उपचाराला येतात तेच दुखणं टोकाला गेल्यावर. त्यातलं बरंचसं तसंही थोडं उतरणार असतं आणि श्रेय शेवटच्या उपचाराला मिळतं. नुसती प्रॅक्टिस करून हे कळणं फार अवघड. तुलनेला दुसरा गट लागतोच.

म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया फोल, असं मात्र तिने समजू नये. खुब्याचा सांधा बदलून असंख्य लोक पुन्हा चालू लागले आहेत. पण गुडघा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाचं दुखणं मागे राहतं. ते का राहतं, कुणाचं राहील हे आधी ओळखता येईल का, यावर अजून भरपूर काम व्हायचंय.

आता तिला एक प्रश्न तुम्हीच विचारा, रागावून नको. पेशंटांचा कंटाळा आलाय म्हणून हा मार्ग निवडतेयस का? तसं असेल तर डेटा मॅनेजमेंट किंवा मेडिकल रायटिंग बरं. कारण कोऑर्डिनेटरला, म्हणजे अभ्यासाचं रोजचं काम सांभाळणाऱ्याला, दिवसभर पेशंटांशीच बोलावं लागतं, संमतीपत्र समजावून सांगण्यापासून वर्षभराच्या फॉलोअपपर्यंत. स्वतःचे अभ्यास आखायचे असतील तर पुढची पदवी, बहुधा पीएचडी आणि संख्याशास्त्राशी दोस्ती हवी. माझं मत विचाराल तर एक-दोन वर्षं ऑर्थोपेडिक पेशंट हाताळून मग वळावं. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मला पटतं.

नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सला आत्ताच पैसे भरू नका. जीसीपीचं, म्हणजे माणसांवर उपचारांच्या चाचण्या करण्याच्या नियमांचं, मूलभूत प्रशिक्षण काही तासांत होतं. त्याऐवजी शिकते आहे तिथल्या ऑर्थोपेडिक विभागात एखादा अभ्यास चालू असेल तर फॉलोअपचे फोन करायला मिळतील का, हे तिने विचारावं. न आलेल्या पेशंटांना शोधून काढणं हे यातलं सगळ्यात किचकट काम. बरे झालेले येत नाहीत, कंटाळलेलेही येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय निष्कर्ष एका बाजूला झुकतो. दोन महिने ते करून बघू दे, मग पुढच्या पदवीचं बोलू.