वाचकांचे प्रश्न: दुपारी कापलेलं कव्हर आखूड का भरतं?

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं व्हॅक्यूम फॉर्मिंगचं, म्हणजे तापवलेली प्लॅस्टिक शीट हवा ओढून साच्यावर बसवण्याचं युनिट आहे. ४ मिमी एबीएस (एक टणक प्लॅस्टिक) शीटचं १२०० मिमी लांबीचं कव्हर आम्ही पाच अक्षांच्या सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या, फिरत्या कटरच्या मशीनवर) ट्रिम करतो, म्हणजे कडा कापून भोकं पाडतो. प्रोग्रॅम एकच, पण दुपारच्या पाळीतला माल दुसऱ्या दिवशी सकाळी मोजला की दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर साधारण सव्वा मिमी कमी भरतं. कडाही वितळतात. मशीनमध्ये दोष असेल का? – एक वाचक, बडोदा

उत्तर: मशीनवर संशय घेण्याआधी शेडमधलं तापमान बघा. एक मीटर एबीएस दर अंशाला सुमारे ०.०८ मिमी वाढतं, पोलाद फक्त ०.०१२ मिमी. बडोद्याच्या उन्हाळ्यात सकाळी २६ आणि दुपारी ४१ अंश धरले तर तुमचं कव्हर जवळजवळ १.४ मिमी लांबतं, मशीन मात्र ०.२ मिमीच. फुगलेल्या कव्हरवर पाडलेली भोकं ते निवल्यावर जवळ येतात. तुमचा सव्वा मिमी बहुतेक तोच.

उपाय म्हणजे कापणी आणि मोजणी एकाच तापमानाला करणं. फॉर्मिंगनंतर कव्हर एक दिवस तसंच ठेवा, आकुंचन थांबू द्या, मग राउटरच्या खोलीत काही तास राहू द्या. एसी परवडत नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने कव्हरचं तापमान घ्या आणि मोजणीच्या तापमानापेक्षा दर १० अंश जास्तीला प्रोग्रॅमचा स्केल १.०००७ पट करा. लोकेटर (कव्हरची जागा पक्की करणारी खुंटी) टोकाला असेल तर तो मधोमध आणा, म्हणजे फरक दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटला जातो.

फिक्स्चर, म्हणजे कापताना कव्हर ज्यावर बसवतात तो ओतीव आधार, तोही तपासा. ते थेट साच्यावरून ओतलं असेल तर कव्हर त्यात नीट बसणारच नाही, कारण एबीएस साच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आखडतं, म्हणजे १२०० मिमीला ६ मिमी. पूर्ण निवलेल्या चांगल्या नगावरून ओता. साच्याला टेकलेली बाजूच फिक्स्चरवर यावी, कारण दुसऱ्या बाजूला जाडीचा सगळा चढउतार येतो. कापाच्या रेषेपासून ४-५ मिमीपर्यंत आधार हवा. त्यापलीकडे कड थरथरते आणि काप दातेरी होतो.

वितळणाऱ्या कडांचं कारण बहुधा लाकडाचा दोन धारांचा कटर. २४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि १५०० मिमी फीडला (कटर मिनिटाला पुढे सरकतो ते अंतर) प्रत्येक धार जेमतेम ०.०३ मिमी खाते. ती कापत नाही, घासते, आणि घर्षणाची उष्णता कडेतच राहते. प्लॅस्टिकसाठीचा ६ मिमी, एका धारेचा कार्बाइड कटर घ्या. १८,००० आरपीएमला २७०० फीड म्हणजे धारेला ०.१५ मिमी. कुरळ्या सालपटासारखा चुरा पडला की जमलं. तो हवेच्या झोताने लगेच उडवा. खाचेत राहिला तर पुन्हा कापला जातो आणि कडेला चिकटतो.

प्रश्न: पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या कव्हरला कापल्यावर भोकांभोवती बारीक तडे जातात. – वाचक, बडोदा

उत्तर: थिनर किंवा अॅसिटोनने पुसत असाल तर आधी ते बंद करा. कापताना राहिलेल्या ताणावर द्रावक पडला की तडे जातात. सौम्य साबणाचं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. चौकोनी खिडकीच्या आतल्या कोपऱ्यांना निदान ३ मिमी त्रिज्या द्या, म्हणजे ६ मिमी कटर थेट फिरतो.