मुलीला चित्रकला शिकायची आहे, पुण्याहून वडोदऱ्याला पाठवावं का?

नक्की पाठवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठातली ललित कला शाखा १९५० पासून आहे, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख या नामवंत चित्रकारांनी इथेच शिकवलं. या शहराची शिक्षणाची ओढ त्याहून जुनी. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था काढली, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बाबासाहेबांना अमेरिकेला जायला शिष्यवृत्ती मिळाली तीही बडोद्याचीच, याचा आम्हाला फार अभिमान आहे.

भाषेची काळजी नको. विद्यापीठात इंग्रजीतून शिकवतात आणि शहरातल्या दांडिया बाजार भागात मराठी कानावर पडतंच.

एक मात्र बजावून सांगा: विश्वामित्रीत मगरी आहेत, स्केचिंगला नदीत उतरू नये, कमाटीबागेत बसावं. पावसाळ्यात पूर येतो, म्हणून नदीलगत तळमजल्यावर खोली घेऊ नका.