ब्रेकचं पेडल खोल जातंय? आधी मागचे ड्रम बघ

लगेच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बदलायला धावू नकोस. पेडल दोन-तीनदा भराभर दाब. वर येऊन घट्ट झालं तर मागचे लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारं, ब्रेक शूजवरचं अस्तर) ड्रमपासून लांब गेलेत. स्पंजासारखंच राहिलं तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, ती ॲडजस्ट करून जात नाही. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तरच मास्टर सिलिंडरवर संशय घे.

पुढच्या चाकांना दगड, मागची बाजू स्टँडवर. नुसत्या जॅकवर नको. हँडब्रेकची केबल आधी सैल कर. नवखे इथेच फसतात, केबल ओढतात आणि काम झालं समजतात! बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खाचेतून स्क्रूड्रायव्हरने शूज पसरवणारं दातेरी चाक फिरव. टायर अडला की थोडं मागे घे, हलकी घासण ऐकू येईल इतपत. पेडल दाबून शूज मधोमध बसव, पुन्हा तपास. ड्रममधली धूळ फुंकू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.