लॅम्डा फाजचे लायसेट संहत आणि शुद्ध कसे करावे?

आपल्याकडे ई. कोलाय या जिवाणूवर वाढवलेल्या लॅम्डा फाजचे (फाज म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) ५०० मिलि लायसेट, म्हणजे फाजमुळे पेशी फुटून तयार झालेला द्रव, आहे, त्याचा टायटर (संसर्गक्षम फाजची संख्या) मिलिलीटरमागे सुमारे १०० कोटी आहे आणि त्यातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी शुद्ध नमुना हवा आहे. एकट्या पीईजीने (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरने) काम भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही. पीईजीने फाज संहत होतात, म्हणजे थोड्या द्रवात गोळा होतात, पण शुद्ध होत नाहीत, आणि या दोन कामांची गल्लत झाली की ग्रिडवर (सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) फाजपेक्षा जिवाणूंचा कचराच जास्त दिसतो.

तरीही सुरुवात पीईजीनेच करावी. फुटलेल्या पेशींच्या डीएनएमुळे लायसेट चिकट होते, म्हणून आधी डीएनेझ आणि आरएनेझ (डीएनए व आरएनए तोडणारी विकरे) प्रत्येकी मिलिलीटरला १ मायक्रोग्रॅम घालून खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवावे. नंतर २९.२ ग्रॅम मीठ, म्हणजे १ मोलर सोडियम क्लोराइड, विरघळवून तासभर बर्फात ठेवावे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ११,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ११,००० पट बलाने) १० मिनिटे फिरवून पेशींचे अवशेष काढून टाकावेत. वरच्या द्रवात ५० ग्रॅम पीईजी ८००० हळूहळू ढवळत विरघळवावे. बर्फात तासभर पुरतो असे प्रोटोकॉलमध्ये असते. मी मात्र ४ अंशांवर रात्रभर ठेवणे पसंत करतो. पीईजीचे लांब रेणू द्रावणातील जागा व्यापतात आणि फाजसारखे मोठे कण लहान प्रथिनांच्या आधी बाहेर पडतात. पण सोबत काही प्रथिनेही येतातच.

पुन्हा तेवढेच फिरवल्यावर पेलेट (खाली बसलेला फाजचा साका) तळाशी गोळा न होता नळीच्या भिंतीवर पातळ थरासारखा पसरतो आणि सहज दिसत नाही. त्यामुळे रोटरमध्ये नळीची जी बाजू बाहेरच्या दिशेला येते तिच्यावर आधीच पेनाने खूण करून ठेवावी. हा थर ८ मिलि एसएम बफरमध्ये (फाज साठवण्याच्या मीठ-मॅग्नेशियमयुक्त द्रावणात) सोडवताना जोरजोरात पिपेट करू नये, शेपट्या तुटतात. समान आकारमानाचे क्लोरोफॉर्म घालून हलके हलवले की पीईजी आणि बराचसा कचरा निघून जातो. फाज वरच्या जलीय थरात राहतात. (एम१३ सारख्या तंतुमय किंवा मेदयुक्त फाजवर क्लोरोफॉर्म वापरू नये.) फेकून देण्यापूर्वी पीईजीच्या वरच्या द्रवाचाही टायटर पाहावा, कारण फाज पुरते खाली बसले की नाही हे त्यातूनच कळते.

खरे शुद्धीकरण सीझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटमध्ये, म्हणजे खाली जड आणि वर हलक्या होत जाणाऱ्या द्रावणाच्या थरांत, होते. १.७०, १.५० आणि १.४५ ग्रॅम/मिलि घनतेचे थर खालून वर रचून त्यावर नमुना सोडावा आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावा. डीएनएने भरलेला लॅम्डा १.५ च्या आसपास निळसर पट्ट्याच्या रूपात थांबतो, तर प्रथिने आणि डीएनएविना राहिलेली रिकामी डोकी त्याच्या वर अडकतात. पीईजी भरलेले आणि रिकामे कण वेगळे करू शकत नाही, म्हणून आपल्या कामासाठी ही पायरी टाळता येणार नाही. पट्टा नळीच्या बाजूने सुई टोचून काढावा.

सीझियम ग्रिडवर राहिले तर स्टेन (नमुना दिसावा म्हणून दिलेला रंग) बिघडतो, त्यामुळे डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार बाहेर काढणे, हवेच. मात्र थेट पातळ बफरमध्ये टाकल्यास डोकी फुटण्याचा धोका असतो. आधी जास्त मिठाच्या बफरमध्ये आणि मग नेहमीच्या एसएममध्ये न्यावे. दोन्हींत मॅग्नेशियम असलेच पाहिजे, नाहीतर लॅम्डाचे कण टिकत नाहीत.