कुणाचं माणूस गेल्यावर 'मिसहॅप' लिहावं का?

प्रश्न असा आहे की दुर्दैवाला इंग्रजीत बॅड लक, मिसफॉर्च्यून, मिसहॅप, डिझास्टर असे इतके शब्द आहेत, त्यातला कुठला कधी वापरायचा, आणि इंग्लंडमधल्या एका क्लायंटचे वडील अपघातात गेलेत तर त्याला मेलमध्ये 'युअर फादर्स मिसहॅप' असं लिहिलं तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, मेल पाठवायची घाई असेल. नका लिहू. मिसहॅप हा किरकोळ गोष्टीचा शब्द आहे. पंगतीत वाढताना आमटी कुणाच्यातरी नव्या साडीवर सांडली, गाडी मागे घेताना खांबाला घासली, हे मिसहॅप. तिकडचा माणूस हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे असलंच काहीतरी येतं, आणि शेजारी त्याच्या वडलांचा उल्लेख असेल तर त्याला ते लागणारच. माझ्या हातून हे झालंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिकडच्या एका सहकाऱ्याचा भाऊ मोटारसायकलवरून पडून गेला, मी अगदी मनापासून चार ओळी लिहिल्या आणि त्यात हा शब्द घातला. त्याने काही बोलून दाखवलं नाही, नुसतं थँक्स आलं. बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या एकीच्या मेलमध्ये प्रिंटरमध्ये कागद अडकला त्याला मिसहॅप म्हटलेलं वाचलं आणि काळजात चर्र झालं.

आपली चूक होते कारण आपण हा शब्द पेपरातून शिकतो. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात बस दरीत कोसळून माणसं गेली तरी हेडिंगमध्ये 'मिसहॅप' असतं, शब्द आखूड आहे, जागेत बसतो. एवढंच कशाला, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात डिझास्टरची व्याख्या करताना कॅटॅस्ट्रॉफी, मिसहॅप, कॅलॅमिटी हे एकाच ओळीत मांडलेत. म्हणजे भारतीय इंग्रजीत तो शब्द जड झालाय हे खरं, आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण मेल इंग्लंडला चाललंय. अमेरिकन सैन्यातसुद्धा विमान पडून माणूस दगावला तरी रिपोर्टमध्ये मिसहॅपच लिहितात, पण ती रिपोर्टची भाषा झाली, सांत्वनाची नाही.

दुसरं कारण आपलं 'दुर्दैव'. मराठीत दुर्दैवाने लोकल चुकते आणि 'दुर्दैवी निधन' पण होतं, एकच शब्द दोन्ही ओझी उचलतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत असं सगळीकडे चालणारं म्हणजे फक्त 'अनफॉर्च्युनेटली', तेही आता इतकं घासलं गेलंय की अर्ज नामंजूर झाल्याच्या प्रत्येक पत्रात असतं. मिसफॉर्च्यून हे नाम मात्र अजून वजनदार आणि थोडं पुस्तकी आहे. त्यातली फॉर्च्यूना ही रोमन लोकांची नशिबाची देवी, तिच्या हातात चाक असायचं, वरचा माणूस खाली आणि खालचा वर. आपण 'त्याचे दिवस फिरले' म्हणतो ना, तसंच. भरल्या घराला उतरती कळा लागली तर मिसफॉर्च्यून शोभतं.

बॅड लक समोरच्याला म्हणायचं ते मॅच हरल्यावर किंवा इंटरव्ह्यू हुकल्यावर. मैदानावर आपण ओरडतो ते 'हार्ड लक' पण त्याच जातीचं, त्यात आपुलकी आहे. 'टफ लक' मात्र जपून, बोलण्याच्या सुरावर त्याचा अर्थ 'मग मी काय करू, तुझं तू बघ' असा होतो.

आता मूळ बघा, मला खरं तर इथेच रमायला होतं. मिसहॅपमधलं 'हॅप' जुन्या नॉर्समधून, म्हणजे उत्तर युरोपातल्या एका जुन्या भाषेतून आलं, अर्थ नशीब किंवा योग. हॅपन, पर्हॅप्स, हॅपलेस ही सगळी त्याचीच पिल्लं, आणि हॅपी पण. हॅपी म्हणजे आधी आनंदी नव्हे तर नशीबवान, आनंद नंतर चिकटला. डिझास्टर सोळाव्या शतकात इटालियन-फ्रेंचकडून आला आणि त्यात चक्क तारा आहे, ॲस्ट्रो. ताऱ्याची वाकडी नजर म्हणजे डिझास्टर! 'ग्रह फिरले', 'साडेसाती लागली' म्हणणाऱ्या आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आणि डिस्मल, जो आज उदास हवेला किंवा रडक्या निकालाला वापरतात, तो लॅटिनमधल्या 'वाईट दिवस' या शब्दांवरून आलाय. मध्ययुगातल्या कॅलेंडरात महिन्याला दोन असे वर्षाचे चोवीस दिवस अशुभ धरलेले असायचे. माझी आजी अमावस्येला नवीन कापड बेतू द्यायची नाही, तिला हे कॅलेंडर एका मिनिटात कळलं असतं.

तर मेलमध्ये काय लिहायचं. लक, फॉर्च्यून, हॅप यातलं काहीच नको, मृत्यूच्या सांत्वनात ते शब्द तिकडे सहसा येत नाहीत. डिझास्टर तर नकोच, तो एकीकडे भूकंपाला आणि दुसरीकडे फसलेल्या पार्टीला वापरतात. 'आय ॲम सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर' एवढं पुरतं, घटनेचा उल्लेख करायचाच तर सरळ ॲक्सिडेंट म्हणा. वडलांना कधी भेटला असाल तर ती भेट दोन ओळीत लिहा, त्याला बरं वाटेल. आणि हो, 'एक्स्पायर्ड' पण टाळा, आपल्याकडे तो आदराने वापरतात पण तिकडे दूध आणि पासपोर्ट एक्स्पायर होतात, माणसासाठी 'पास्ड अवे' किंवा साधं 'डाइड'.